नावं बदललेली कपाटं

ताईच्या प्रोग्रॅममध्ये आत्या हे एक कपाट होतं. उंच, दोन दारांचं, आणि दारं उघडली की अर्धी खोली अडवणारं. काकू म्हणजे खणांची पेटी, कारण काकूच्या पोटात काही राहत नाही, जरा ओढलं की सगळं बाहेर. मामा म्हणजे घडीचं टेबल, काम दिसलं की मिटणारं. आणि बाबा? बाबा नावाची वस्तू खोलीत ठेवताच यायची नाही. बाबा हा नुसता पाया होता. भिंतीपासून किती अंतर सोडायचं, उंची कुठवर जाऊ द्यायची, कुणी कुणाच्या अंगावर यायचं नाही, असले सगळे नियम बाबामध्ये लिहिलेले, आणि झाडून सगळ्या कपाटांना, टेबलांना, पलंगांना ते मुकाट्यानं पाळावे लागायचे.

"स्वतः कधी दिसत नाहीत, पण सगळ्यांना धाकात ठेवतात," ताईनं धाकटीला समजावलं होतं, आणि दोघी बहिणी पोट धरधरून हसल्या होत्या.

त्या हसण्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

धाकटीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून तर तिला असं वाटायला लागलं होतं की जगात अशी कुठलीही गोष्ट नाही जी आपण उभं राहून, हातवारे करून, समोरच्याला नीट समजावून सांगू शकणार नाही. शाळा सुटली की दप्तर घरात भिरकावायचं आणि पळत फर्निचरच्या कारखान्यात यायचं. मागे लांबलचक शेड, तिथे करवत किंचाळत असायची आणि भुसा उडत असायचा. पुढे काचेचं छोटं ऑफिस, त्यात एक टेबल, एक फिरती खुर्ची, एक कॉम्प्युटर. ती खुर्ची ताईची होती. ताई गेल्यापासून तिच्यात कुणीच बसत नव्हतं, मग एक दिवस भिंगरी बसली, आणि बाबा काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे बाबांचा होकार.

ताई का गेली, हे घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे. झालं होतं एवढंच, की कॉलेजात असताना तिनं हा प्रोग्रॅम लिहिला, गिऱ्हाइकांना आपली खोली पडद्यावर दिसायला लागली, कारखान्याचं काम दुपटीनं वाढलं, आणि मग एक दिवस तिनं मिस्त्रीकाका आणि सगळ्या कारागिरांसमोर बाबांना विचारलं, "बाहेरच्या पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव घालूया का?" बाबा हसले. रागावले असते तर चाललं असतं, पण ते हसले, आणि म्हणाले, "पाटी काय, हौस म्हणून रंगवायची असते का?" कारागीरही हसले. त्याच आठवड्यात ताईनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. तेव्हापासून बापलेकींत अक्षराचं बोलणं नाही. आई मात्र ठिबक ठिबक पाणी सोडावं तसं रोज थोडं थोडं बोलत राहिली होती, आणि शेवटी बाबा म्हणाले होते, "येऊ दे रविवारी. जेवून जाऊ दे. बघू."

बघू! भिंगरीनं त्या 'बघू'वर घरभर नाच केला. ताई येणार होती. ताईला ती सगळं दाखवणार होती, खुर्ची, कारखाना, आपण किती शिकलो ते. रात्री फोनवर ताईला तिनं विचारलंही, "तू येशील आणि पुन्हा जाशील, की येशील आणि राहशील?" ताई म्हणाली होती, "आधी येऊ तर दे, भिंगरे. बाबांनी एकदा नीट पाहिलं माझ्याकडे, की पुढचं पुढे."

त्याच्या आधी शनिवार होता, आणि शनिवारी वसतिगृहाच्या बाई येणार होत्या.

"मोठं काम आहे," बाबा म्हणाले. "मुलींचं वसतिगृह. सगळ्या खोल्यांचं फर्निचर. वर्षभर बांधकाम रखडलं होतं, आता झालंय. तिनं... ते चित्र आधीच करून ठेवलंय ना?" ताईचं नाव ते घेत नसत. 'तिनं' म्हणत, आणि मग जरा थांबत, जणू तेवढ्या जागेत नाव बसवून घ्या तुमचं तुम्ही.

"हो, आहे ना! वसतिगृहाची फाइल आहे. उघडली की सगळी खोली समोर."

"मग ती नावं काढ आधी."

"कुठली नावं?"

"कुठली म्हणजे? कपाटावर टिचकी मारली की कडेला 'आत्या' म्हणून येतं ते. मागे तुझी खरी आत्या इथे बसली होती, तिनं वाचलं. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. आता त्या बाईंसमोर मी आत्या, काकू आणि मामा विकायला बसू?"

शेडच्या दारातून मिस्त्रीकाका म्हणाले, "मामा विकला गेला तर बरंच आहे, साहेब. पडून आहे नुसता." ते खऱ्या घडीच्या टेबलाबद्दल बोलत होते की खऱ्या मामाबद्दल, ते त्यांनाच ठाऊक. भिंगरी फिदीफिदी हसली.

"चुटकीसरशी करते," ती म्हणाली.

आणि तिनं केलंही. तिला प्रोग्रॅमची ती करामत चांगली समजली होती, निदान तिला तसं वाटत होतं. पडद्यावरच्या खोलीला आधीपासून माहीत नसतं की आपल्यात कोण येणार. ते गिऱ्हाईक आयत्या वेळी ठरवतं. त्यामुळे प्रोग्रॅम चालू असताना, त्याच घडीला, तो समोरच्या वस्तूला विचारतो, 'बाई गं, तू कोण?' आणि वस्तू आपल्या क्लासचं, म्हणजे ज्या साच्यातून ती घडली त्या साच्याचं, नाव सांगते. तेच नाव कडेच्या चौकटीत उमटतं. म्हणजे नाव बदलायचं तर क्लासचंच बदलायला हवं. भिंगरीनं प्रोग्रॅमभर शोधलं आणि एका फटक्यात बदललं. आत्याचं झालं उंच कपाट, काकूची झाली खणपेटी, मामाचं घडीटेबल. बाबाचं काय करावं, यावर ती जरा अडली. मग त्याचं तिनं नुसतं 'फर्निचर' केलं. मनात कुठेतरी टोचलं, पण जरासंच.

मग तिनं नवी कोरी खोली उघडली आणि एकेक वस्तू ठेवून पाहिली. उंच कपाट आलं. खणपेटी आली, खण उघडले, मिटले. घडीटेबल उलगडलं. टिचकी मारली की चौकटीत कसं छान, सभ्य, दुकानात शोभेल असं नाव. तिनं खुर्चीतल्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या आणि काचेतून बाबांना अंगठा दाखवला. जुनी चित्रं उघडून पाहावीत, असं काही तिच्या डोक्यात आलं नाही. जुनी तर चालतच होती. चालणाऱ्याला कशाला हात लावायचा?

शनिवारी वसतिगृहाच्या बाई आल्या. चष्मा कपाळावर, हातात रुमाल, आणि बसण्याआधी खुर्चीवर बोट फिरवून भुसा बघणाऱ्या. बाबांनी स्वतः चहा पुढे केला, स्वतः माउस हातात घेतला. एरवी विंचवाला लावावा तसा ते माउसला हात लावत. भिंगरी मागे उभी, छाती फुगवून.

"ही बघा तुमची खोली," बाबा म्हणाले आणि फाइल उघडली.

खोली आली. चार भिंती, एक खिडकी, एक दार. बस्स.

सगळे वाट पाहत राहिले.

"येतंय," बाबा म्हणाले. "भरतंय अजून."

भिंगरीनं पुढे वाकून पडद्याकडे पाहिलं. भरत नव्हतं. भरून झालं होतं. कोपऱ्यात तो गोल फिरणारा ठिपका कधीच थांबला होता.

"छान आहे खोली," बाई म्हणाल्या. "पण भिंती माझ्याकडे आहेत हो. मला फर्निचर हवंय."

बाबांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. मग त्यांनी भिंत धरून इकडेतिकडे ओढली, जणू सगळी कपाटं आणि पलंग भिंतीमागे जाऊन लपले असावेत. भिंत थोडी सरकली, मागे काही नव्हतं. त्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला. "बंद करून परत उघडतो," ते म्हणाले. बंद करताना प्रोग्रॅमनं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? भिंगरी ओरडली, "बाबा, नाही!" पण त्यांनी घाईघाईत 'हो' दाबलं होतं. परत उघडलं, पुन्हा त्याच चार भिंती, आता तर एक वाकडी.

बाई उठल्या. वाईट नव्हत्या त्या. "सोमवारी येते," म्हणाल्या. "तेव्हा असेल तर दाखवा, नसेल तर मी दुसरीकडे बघते. मुलींना जमिनीवर तर झोपवता येणार नाही ना."

त्या गेल्यावर करवतही थांबली होती. मिस्त्रीकाका दारात येऊन परत मागे गेले.

"तिनंच केलं हे," बाबा म्हणाले.

"कुणी?"

"उद्या यायचंय ना तिला. आज दाखवून दिलं, माझ्यावाचून यांचं कसं अडतं. जाताना काहीतरी करून गेली होती, नेमकं आज फुटलं."

"बाबा, काहीतरीच काय! मी केलं. मी नावं बदलली."

"नावं बदलल्यानं कपाटं नाहीशी होतात का गं? मी या टेबलाला गाढव म्हटलं, तर ते उठून चालायला लागेल? मला शिकवू नकोस." आणि ते शेडमध्ये गेले, आणि करवत अशी काही किंचाळली की लाकडालासुद्धा दया यावी.

भिंगरीनं दार लावून ताईला फोन लावला. घडलेलं एका दमात सांगून टाकलं. सगळं ऐकून ताई आधी हसली. म्हणजे हसायला गेली, आणि मध्येच थांबली.

"क्लासची नावं बदललीस?"

"हो."

"आणि जुनी फाइल उघडलीस?"

"बाबांनी उघडली. त्या बाईंसमोर."

"अगं वेडाबाई, फाइलमध्ये कपाट नसतं. फाइलमध्ये कपाटाचं नाव असतं आणि मापं असतात. फाइल उघडताना प्रोग्रॅम ते नाव वाचतो, आपल्याकडे या नावाचा क्लास नोंदलेला आहे का ते बघतो, आणि असला तर त्याच घडीला त्याची नवी वस्तू घडवून खोलीत ठेवतो. दर वेळी नव्यानं. फाइलमध्ये अजून 'आत्या'च लिहिलंय. आणि आता तुझ्याकडे आत्या नावाचं कुणीच नाही."

"मग त्यानं ओरडायला नको? 'आत्या सापडत नाही' म्हणून?"

"ती माझी चूक," ताई म्हणाली. "मीच तसं लिहिलं होतं. तेव्हा मागे शेडमध्ये मिस्त्रीकाकांना एक कॉम्प्युटर दिला होता, त्यावर जुना प्रोग्रॅम असायचा. नवीन वस्तू त्याला ओळखू यायची नाही, आणि मग पूर्ण चित्रच उघडायचं नाही. बाबा चिडायचे. म्हणून मी लिहिलं, जे ओळखीचं नाही ते मुकाट सोडून दे आणि पुढे जा. सेव्ह तर नाही ना केलंत?"

"बाबांनी 'हो' दाबलं."

"मग ती फाइल गेली. आता तिच्यात नुसत्या भिंती." मग ताई एकदम कामाला लागल्याच्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे तिची प्रत आहे. निघताना घेऊन आले होते. कशाला आणली, मलाही माहीत नाही. पाठवते आत्ता. आणि ऐक, नवी नावं तशीच ठेव. नोंदणीच्या जागी जुन्या नावांची जोडणी लिही. 'आत्या' विचारलं तर उंच कपाट घडवायचं. 'काकू' विचारलं तर खणपेटी. म्हणजे बाकीची जुनी चित्रंही उघडतील."

तिनं एक अटसुद्धा घातली नाही. बाबांनी मागायला हवं, असं म्हणाली नाही. फाइल आली, भिंगरीनं जोडणी लिहिली, आणि चहा होण्याच्या आत वसतिगृहाची खोली समोर होती. पलंग, टेबलं, खणपेट्या, आणि कोपऱ्यात दिमाखात उभं उंच कपाट.

ती नाचत शेडमध्ये गेली. "बाबा, आलं! सगळं आलं! ताईनं पाठवलं!"

बाबा येऊन काचेबाहेरूनच पडद्याकडे बघत उभे राहिले. "बघ. मी म्हणालो नव्हतो? किल्ली तिच्याकडेच होती. आधी बिघडवायचं, मग सुधारायचं, आणि उद्या येऊन ताटावर बसायचं."

इथे भिंगरीनं ठरवलं, की आपण समजावून सांगायचं. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी ती. ज्याला कळत नाही त्याला रागावण्यात काय अर्थ? कळेल असं सांगायला हवं. आणि कळलं की बाबा म्हणतील, 'अरेच्चा, असं होय?' आणि उद्या ताई आली की दारात उभं राहून म्हणतील, 'ये.'

तिनं बाबांचा हात धरून त्यांना शेडमध्ये, नमुन्यांच्या भिंतीपाशी आणलं. तिथे कारखान्यातल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूचं छोटं लाकडी रूप खिळ्याला टांगलेलं, आणि खाली खडूनं त्याचं कारखान्यातलं लाडकं नाव. बाबांच्या कारखान्यात हीच रीत होती, मिस्त्रीकाकांनीच पाडलेली. रुंद पलंगाला 'हत्ती', तीन पायांच्या स्टुलाला 'बगळा', बुटक्या कपाटाला 'ढब्बू'.

"बाबा, तुम्ही पुढून मागे चिठ्ठी पाठवता. चिठ्ठीत काय लिहिता?"

"हत्ती, आणि मापं."

"चिठ्ठीत पलंग असतो?"

"चिठ्ठीत पलंग कसा असेल? चेष्टा चालवलीस का?"

"बरोबर! चिठ्ठी आली की मिस्त्रीकाका भिंतीकडे बघतात, हत्ती कुठला ते शोधतात, आणि त्या मापाचा नवा हत्ती बनवतात. काका, बरोबर ना?"

"मापं बरोबर लिहिलेली असली तर," काका म्हणाले. "तुझ्या बाबांचा सात आणि एक सारखाच असतो."

भिंगरीनं ओल्या फडक्यानं हत्ती पुसला आणि तिथे खडूनं लिहिलं, 'रुंद पलंग'. मग बाबांच्या खिशातलं पेन काढून चिठ्ठीवर लिहिलं, 'हत्ती', खाली मापं, आणि ती एका कारागिराच्या हातात दिली. तो अगदी नवा होता, कालपरवाच लागलेला. "याचं काय कराल?"

तो भिंतीकडे बघत राहिला. वरपासून खालपर्यंत. मग म्हणाला, "असं काही नाही इथे. बाजूला ठेवू का?"

"ठेवा!" भिंगरी आनंदानं ओरडली. "बघितलंत, बाबा? चिठ्ठी बरोबर. कारागीर बरोबर. लाकूड आहे, करवत आहे, पलंग कसा करायचा तेही त्याला येतं. पण पलंग होत नाही. कोण चुकलं?"

बाबा भिंतीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलेलं भिंगरीला स्पष्ट दिसलं. आधी कपाळावरची आठी सुटली. मग ओठ जरा उघडे राहिले. सगळी हयात लाकडात घालवलेला माणूस तो, त्याच्या लाकडाच्या भाषेत सांगितलं तर कळणार नाही असं कसं होईल?

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "चिठ्ठी लिहिणाऱ्याचा काही दोष नाही."

"मुळीच नाही!"

"ज्यानं भिंतीवरचं नाव पुसलं, त्याचा."

"हो! म्हणजे माझा. तेच तर सांगतेय!"

"आणि तुला पुसायला कुणी सांगितलं?"

मिस्त्रीकाका वाकून रंधा पुसायला लागले, जो आधीच पुसलेला होता.

बाबांनी ती चिठ्ठी कारागिराच्या हातातून घेतली, तिची बारीक घडी केली आणि खिशात टाकली.

"तिला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, उद्या येऊ नकोस."

भिंगरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पण बाबा... तुम्हाला कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"कळलं म्हणूनच." आणि ते करवतीकडे वळले. त्यांची पाठ इतकी ताठ होती की भिंतीला टेकवलेली फळी वाटावी.

भिंगरी धावत घरी गेली. आई उद्याची तयारी करत होती. मोठी ताटं खाली काढून पुसून ठेवली होती. भिंगरीनं सगळं सांगितलं, हुंदके देत, हातवारे करत, हत्ती, चिठ्ठी, सगळं. तिला वाटलं आई म्हणेल, शहाणी गं माझी. आई हातातलं ताट पुन्हा पुसायला लागली.

"इतकं नीट का समजावलंस गं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांना वाटत होतं तिनं मुद्दाम केलं, तर वाटू द्यायचं होतं. उद्या ती आली असती. दोन शब्द लागट बोलले असते. तिनं ऐकून घेतले असते. मग म्हणाले असते, जाऊ दे, पोरगीच आहे, आणि पान वाढायला सांगितलं असतं. मोठेपणा त्यांच्याकडे राहिला असता." आईनं ताट खाली ठेवलं. "आता काय राहिलं त्यांच्याकडे? नावं पुसायला सांगितली त्यांनी, चित्र घालवलं त्यांनी, नाही नाही ते बोलले तिच्याबद्दल, आणि वाचवलं तिनं. तिच्यासमोर ते कुठल्या तोंडानं बसतील?"

"म्हणून... खरं सांगायचंच नाही?"

"मी कुठे तसं म्हणाले?" आई म्हणाली, आणि पुसलेली ताटं पुन्हा एकेक करून वर ठेवायला लागली.

भिंगरीला आईचा राग आला. बाबांचा आला. मग स्वतःचा आला, आणि तो सगळ्यात वाईट होता, कारण नक्की कशाबद्दल येतोय ते तिला सापडेना. नावं बदलली म्हणून? की समजावलं म्हणून? पहिल्या चुकीला दुरुस्ती होती, ती तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती. दुसरी चूक आहे की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

फोन तिलाच करावा लागला. ताईच्या मागे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"उघडलं ना चित्र?" ताईनं विचारलं.

"उघडलं. सगळं आलं."

"मग आवाज का असा?"

"ताई, उद्या..." तिनं वाक्य तीन-चार प्रकारांनी सुरू करून पाहिलं. बाबांना बरं नाहीये. आम्हालाच बाहेर जायचंय. एकही पुरं होईना. खोटं बोलायची सवय लावून घ्यायला हवी होती, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. "बाबा नको म्हणतात."

"अजून त्यांना वाटतंय मी मुद्दाम केलं?"

"नाही. मी समजावलं. त्यांना सगळं कळलं."



"असं होय," ताई म्हणाली. तिला लगेच कळलं होतं. आईला लगेच कळलं होतं. घरात वक्तृत्वात पहिली आलेल्या मुलीलाच तेवढं समजावून सांगावं लागलं होतं. "बरं. रडू नकोस. सोमवारी त्या बाईंना दाखवायच्या आधी प्रत काढून ठेव, आणि ते मुकाट सोडून देणं काढून टाक. ओळखीचं नसेल तर नसेल म्हणून सांगू दे त्याला. मोठ्यानं."

"ताई, तू ये ना तरीपण. मी दारात उभी राहते."

"ठेवते हं," ताई म्हणाली.

सोमवारी वसतिगृहाच्या बाई आल्या. भिंगरीनं शाळेला दांडी मारली होती. बाबांनीच मारायला लावली. या वेळी माउस तिच्या हातात होता. खोली उघडली आणि फर्निचर एकेक करून जागेवर येत गेलं. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. कपाटाची दारं उघडून दाखवली, तर म्हणाल्या, "हे पलंगाला लागतंय." भिंगरीनं ते सरकवायचा प्रयत्न केला, तर कपाट आपोआपच नियमाप्रमाणे अंतर सोडून उभं राहिलं. बाई खूश झाल्या.

"फारच सुंदर. हे केलं कुणी?"

"घरातच केलंय," बाबा म्हणाले.

"माझ्या ताईनं," भिंगरी म्हणाली. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली.

"अरे वा! मग बोलवा की त्यांना. मला स्वयंपाकघराचंही विचारायचंय."

भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. अजूनही तिला वाटलं, आत्ता, आत्ता ते म्हणतील, 'बोलावतो.' एक शब्द तर आहे. बाबांनी टेबलावरचा भुसा तळहातानं कडेला लोटला.

"बाहेरगावी असते ती," ते हसून म्हणाले. "मोठी नोकरी. आम्ही कितीदा बोलावतो, पण तिलाच यायला सवड नसते."

"मुलींचं असंच हो," बाई म्हणाल्या. "एकदा बाहेर पडल्या की घर विसरतात."

"विसरतात," बाबा म्हणाले.

भिंगरीच्या जिभेवर सगळं होतं. सुरुवात, मध्य, शेवट, उदाहरणासकट. पण समजावून सांगितलं की काय होतं ते तिनं नुकतंच पाहिलं होतं, आणि बाईंच्या हातात ऑर्डरवर सही करायला पेन होतं, आणि मागे शेडमध्ये सगळे कारागीर करवत थांबवून इकडे कान देऊन उभे होते.

"पुढची खोली दाखव," बाबा म्हणाले.

तिनं दाखवली.